पट्टीच्या बाई

बाई सायकलची घंटी वाट मागायला वाजवत नसत. रस्त्यात गुरं आली, माणसं आली, तर तोंडानेच म्हणत, "सरका बरं जरा." घंटी राखून ठेवलेली असे ती घरांसाठी. गावात ज्या ज्या घरी त्यांनी बाळंतपण केलं होतं, त्या घरापुढून जाताना त्या एकदाच, हलकेच टिण् करत आणि पुढे जात. थांबत नसत, वळून बघत नसत. आतली बाई चुलीपुढूनच पोराला सांगे, "तुझ्या बाई गेल्या बघ." मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, ते माझं घर ना. आपल्याच घरावरून मुकाट कसं जायचं?"

त्या म्युनिसिपालटीच्या नर्सबाई. गावाचं नाव सांगत नाही. तेव्हाच्या कमिटीतल्या लोकांची नातवंडं अजून तिथेच नांदतात. नगर जिल्ह्यातलं, कालव्यावरचं, साखर कारखान्याजवळचं गाव, एवढं पुरे. लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी झाकून ठेवल्या होत्या आणि जो तो सायकलवर आला होता. मी राजूरकडची, डोंगरातली. मराठी तिसरीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि या सपाट मुलखात येऊन पडले. इथे नजर कुठे टेकवावी तेच मला कळत नसे. बाईंनी पहिल्याच भेटीत माझं गाव विचारलं आणि त्या दिवसापासून मला हाक मारायच्या ती गावाच्याच नावाने. "काय राजूर, जेवलीस का?" माहेर दोन दिवसांच्या वाटेवर होतं, पण त्यांच्या तोंडून रोज एकदा माझ्या दारात येऊन जाई.

त्या स्वतः तिसगावकडच्या, कोरड्या भागातल्या. पांढरं पातळ, पदर कमरेला खोचलेला, मागे कॅरियरला बाळंतपणाची काळी पेटी दोरीने आवळलेली. कालव्याच्या पुलावर मात्र त्या हटकून उतरत. कितीही घाई असली तरी कठड्याला सायकल टेकवून पाण्याकडे बघत उभ्या राहत. "एवढं पाणी चाललंय, आणि कुणी बघत पण नाही," असं म्हणत. मला हसू यायचं. पाण्याकडे काय बघायचं? पण त्या बघायला लागल्या की आपणही बघायला लागायचो, आणि थोड्या वेळाने वाटायचं की पाणी थांबलंय आणि आपणच पुलासकट कुठेतरी निघालोय.

आमचं घर शेवटच्या आळीत, कारखान्याच्या रस्त्याला लागून. गळिताच्या हंगामात दिवेलागणीला उसाच्या गाड्यांची रांग लागे. गाड्यांखाली टांगलेले कंदील हलत, बैलांच्या पायांच्या लांब सावल्या आमच्या भिंतीवरून चालत जात, मळीचा आंबूस गोड वास धुक्यातून येई. गाडीवान उसावर आडवे होऊन झोपलेले. बैलांना वाट पाठ. सगळी रांग झोपेतच चालल्यासारखी दिसे. मला ते फार आवडे आणि त्याचीच मला भीती वाटे. कारण त्याच वेळी समोरून हे कामावरून सायकलने येत. रस्त्याचा मधला भाग गाड्यांनी व्यापलेला. कडेला कमिटीने दुरुस्तीसाठी आणून टाकलेले खडीचे ढीग, ते वर्षानुवर्षं तसेच. त्यांच्या पलीकडे उसाला पाणी नेणारी चारी. सायकलवाल्याने जायचं कुठून, हा विचार रस्ता करणाऱ्याने केलाच नव्हता. यांच्या मडगार्डचा खडखडाट मला दुरून ओळखू येई. तो कानावर आल्याशिवाय मी तव्यावर भाकरी टाकत नसे. बाई घरी जाताना मला उंबऱ्यावर बघत आणि म्हणत, "कान लांब करून बसलीस होय, राजूर?"

एका संध्याकाळी खडखडाट आलाच नाही. आले ते चार लोक, यांना धरून. गाड्यांच्या रांगेला वाट देताना चाक खडीवर चढलं आणि हे चारीच्या काठावर आपटले. खांदा निसटला, कोपर सोलून निघालं. मागून नामा गाडीवान आला, पागोटं हातात धरून. "मी झोपलो हुतो खरा," तो म्हणाला, "पर बैल जागं हुतं की वो. बैलांनी काय केलं न्हाई." त्याचं काय चुकलं होतं म्हणा. बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी खांदा बसवला, झोळी बांधली, कोपर धुऊन पट्टी गुंडाळली. शेवटची गाठ मारताना बोलल्या, "बाळंतपणाच्या पेटीत आता माझ्या पट्ट्या पुरेनात. मी माणसामाणसाला पट्टी बांधत हिंडतेय, आणि पट्टी हवीय ती रस्त्याला."

दुसऱ्या दिवशी आमच्याच उंबऱ्यावर बसून त्यांनी अर्ज लिहिला. खडी उचलून रस्त्याच्या एका अंगाला मुरमाची अरुंद वाट दाबून घ्यायची, गाड्यांनी मधून जावं, सायकलींनी तिच्यावरून, असं त्यांच्या मनात होतं. बोलताना त्यांनी हाताने जमिनीवर ती वाट आखूनही दाखवली. पण कमिटीच्या लोकांना लांबलचक वाचायचा कंटाळा, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून अर्जात एवढंच लिहिलं की कारखान्याच्या रस्त्यावर सायकलवाल्यांचे फार हाल होतात, तरी सायकलींसाठी स्वतंत्र पट्टी बसवावी. मला वाचून दाखवलं. किती थोडक्यात आणि नेटकं लिहिलंय, असंच मला वाटलं.

अर्ज पहिल्याच बैठकीत मंजूर झाला. बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी रेवड्या आणून आळीतल्या पोरांना वाटल्या. मी त्या संध्याकाळी भाकरी थापताना गाणं म्हणत होते. चार दिवसांनी दवंडीवाला आला. ढोलकं बडवून त्याने पुकारलं की ऐका हो ऐका, ज्याच्या घरी सायकल असेल त्याने कमिटीत पट्टी भरावी आणि पितळी बिल्ला घ्यावा, न भरील त्याची सायकल जप्त होईल.

घरपट्टी होती, पाणीपट्टी होती. आता सायकलपट्टी बसली. कमिटीने अर्जातला शब्द न् शब्द मानला होता.

गाव खवळलं. अर्ज बाईंचा, हे कळायला वेळ लागला नाही. कोष्टी, गवळी, कारखान्यातले कामगार, टपालवाला, सगळ्यांच्या चाकाला त्यांच्यामुळे खर्च लागला होता. गवळ्याने तर आमच्या दारातच त्यांना गाठलं. "बाई, तुमी बाळतपणं करा की. आमच्या चाकाला कशापायी हात लावला?" कुणीतरी त्यांचं नाव 'पट्टीच्या बाई' ठेवलं. त्या पुलावर उभ्या राहिल्या की पलीकडून पोरं ओरडत, "पट्टी आली, पट्टी!" काही घरांत टिण् वाजलं की दार लोटून घेत. यांचा खांदा अजून झोळीत होता, आणि हेही कुरकुरले की पडलो मी, आणि दंडही मलाच. यांची भाकरी तेवढी त्या दिवशी जरा जास्तच करपली.

दोन दिवस बाई आमच्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या हसतच. "घरपट्टीच्या गावात मी नुसतं 'पट्टी' लिहिलं," म्हणाल्या. "माझीच चूक. पण राजूर, चूक मोठी कामाची झाली बघ. काल आपण त्यांच्या दारात भिकारी होतो. आज गिऱ्हाईक आहोत." आणि सगळ्यांच्या आधी जाऊन त्यांनीच पट्टी भरली, पितळी बिल्ला मडगार्डला ठोकून घेतला. मग ज्या ज्या घराने दार लोटलं होतं त्या प्रत्येक घरी सायकल लावून आत गेल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. बाळाला मांडीवर घेऊन बोलल्या असतील. त्यांच्या मांडीवर बाळ असताना त्यांच्यावर रागावणं कुणालाच जमत नसे.

कमिटीच्या पुढच्या बैठकीला ऑफिससमोर सायकलीच सायकली उभ्या होत्या. कुणी मदतीला आलं होतं, कुणी गंमत बघायला. बायकांत उभी राहून मीही बघत होते. मला तेव्हा दिवस गेलेले, पोटातलं बाळ पाय मारत होतं. प्रेसिडेंटसाहेब बाहेर आले. बाई पुढे झाल्या. "साहेब, अर्ज माझाच होता. तुम्ही अर्धाच मंजूर केला. पट्टी घेतलीत. आता पट्टी द्या."

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या नोकरीत आहात, हे लक्षात आहे ना?"

"म्हणून तर इथे येऊन सांगतेय. बाहेर बोलत हिंडले असते तर तुम्हाला चाललं असतं का?"

लोक हसले. साहेबही थोडे हसले, पण मुरूम आणायला गाड्या कुठून आणू, म्हणाले. तेवढ्यात मागून नामा गाडीवान बोलला, आणि तो चक्क जागा होता. "कारखान्यावनं आमी रिकामंच येतो की. वाटंत कालव्याचा मुरूम पडल्याला हाय. येताना टाकत येऊ. रूळ तेवढा तुमचा द्या." नाही म्हणायला कमिटीला काही उरलं नाही.

हंगाम सरेपर्यंत संध्याकाळच्या गाड्या परतताना मुरूम टाकत गेल्या. खडी उचलली गेली. दगडी रूळ बैलांनी ओढला. होळीच्या सुमाराला रस्त्याच्या अंगाने तांबूस, मऊ, धोतराच्या काठासारखी एक रेघ गावापासून कारखान्यापर्यंत गेली. मुरमावर चाक खडखडत नाही, सर्र वाजतं. पहिल्या दिवशी मी खडखडाटाची वाट बघत बसले आणि हे अचानक दारातच उभे, मी दचकले. मग कान हळूहळू नव्या आवाजाला सरावला. दुरून सर्र आलं की मी तव्यावर भाकरी टाकी. 'पट्टीच्या बाई' हे नाव राहिलं, पण आता लोक ते पट्टीच्या पोहणाऱ्याला म्हणावं तसं म्हणू लागले. गवळी तर पाव्हण्याला पुलावर नेऊन दाखवे, "त्या बघा आमच्या पट्टीच्या बाई."

त्याच उन्हाळ्यात आमची थोरली झाली. बाळंतपण बाईंनीच केलं. चौथ्या दिवशी मी अंधाऱ्या खोलीत पडले होते आणि बाहेर टिण् वाजलं. आपल्या दारापुढे ते वाजलं की कसं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

पाऊस संपता संपता बाईंच्या नोकरीची मुदत संपली, आणि कमिटीने ती पुढे वाढवली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, बाईंनीही विचारलं नाही. मीच रडत होते. आपल्या नवऱ्याच्या खांद्यापायी बाईंचं अन्न गेलं, असं वाटत होतं. त्यांनी मला पुलावर नेलं. पाण्याकडे बघत म्हणाल्या, "लोकल बोर्डाच्या दवाखान्यात जागा मिळालीय मला. कुठे, ओळख बघू?" मी डोळे पुसून त्यांच्याकडे बघितलं. "राजूरला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एवढी वर्षं नुसतं नाव घेतेय, जाऊन तरी बघू. असं करू या. तुझं गाव मी बघते. माझी पट्टी तू बघ."

जायच्या दिवशी त्यांनी सायकल आमच्या ओसरीला लावली. डोंगरात तिचा काय उपयोग. घंटी तेवढी काढून पिशवीत टाकली.

मी पट्टी बघितली. दर पावसाळ्यानंतर मुरूम धुऊन जाई. थोरलीला कडेवर घेऊन मी कमिटीच्या ऑफिसात जाई आणि घोकून ठेवलेलं वाक्य म्हणे, "पट्टी घेता, पट्टी द्या." मुरूम येई. पुढे यांची नोकरी इकडे जबलपूरला लागली. निघताना ते वाक्य मी गवळ्याच्या सुनेला सांगून आले.

मधे एकदा माहेरी गेले होते. बाई तेव्हा कुठल्याशा वाडीवर बाळंतपणाला गेलेल्या, भेट झाली नाही. रात्री जेवताना आई म्हणाली, "एक नवी नर्सबाई आलीया बघ. हातात सायकलची घंटी, अन् सायकल न्हाईच. चालत जाती, अन् ठरल्याल्या घराम्होरं टिण् करती. आपल्या घराम्होरं पन रोज वाजिवती. म्या इचारलं, बाई, आमच्यात तर तुमी कुणाचं बाळतपन केलं न्हाई, मंग आमच्या दारात का वाजिवता?"

"मग काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. म्हनली, हे पन माझंच घर हाय."