धुळ्याचे नाना, फक्त फाईलपुरते

जळगावच्या एमआयडीसीत ठिबकचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात मी खरेदी बघतो. आमच्या मोठ्या ग्राहक कंपनीची अट होती की प्रत्येक सुट्या भागाला दोन पुरवठादार हवेत, म्हणजे एक बंद पडला तरी काम थांबणार नाही. अट शहाणपणाची होती, मी मात्र अतिशहाणा. नळ्यांच्या सांध्यात बसणारे रबरी वायसर सगळे गुजरातहून स्वस्तात यायचे. दुसरा पुरवठादार म्हणून मी धुळ्याच्या नानांचं नाव ठोकून दिलं होतं.

नानांचं घराला लागून छोटं शेड, त्यात वायसर दाबून काढायचं एक प्रेस. दर वर्षी तपासणी आली की मी फोन करायचो, "नाना, नमुने द्या, यंदा ऑर्डर नक्की." नाना स्वतः पिशवी घेऊन एसटीनं यायचे. तपासणीवाले खूश होऊन जायचे. चार वर्षांत ऑर्डर एकदाही दिली नाही.

यंदा ऐन हंगामाच्या तोंडावर गुजरातचा कारखाना आगीत गेला. आठ दिवसांत वायसर मिळाले नाहीत तर ग्राहक दुसरीकडे जाणार होता. मी धुळ्याला धावलो.

शेडमध्ये प्रेसच्या जागी बाज टाकलेली.

"प्रेस कुठंय, नाना?"

"इकी टाकं, भाऊ. दोन वरीस व्हयनात."

"विकलं? मग गेल्या वर्षीचे नमुने?"

नाना ओशाळले. "दुकानमाईन इकत लयेल व्हतात. तुमनी फाईलमा नाव ऱ्हाई, कधी तरी ऑर्डर येई, असं वाटे."

म्हणजे दुकानातून विकत आणलेले ते वायसरही गुजरातचेच. आणि ते तपासून पास केल्याची सही माझी!

ग्राहकाची ऑर्डर गेलीच. ज्या कारखान्याला ती मिळाली, त्यांचा दुसरा पुरवठादार खराखुरा होता. पण मला आजही लाज वाटते ती त्या दिवशी नानांच्या शेडमध्येच आलेल्या फोनची. आमचे शेठ विचारत होते, "नानांचा माल कधी निघतोय?"

मी म्हणालो, "त्यांनी आयत्या वेळी हात वर केले, शेठ. माणूस भरवशाचा निघाला नाही."

नाना समोरच बसले होते. मी फोन खिशात टाकला तेव्हा त्यांनी कपबशी माझ्याकडे सरकवली.

"चहा पी ल्या, भाऊ. थंडा व्हई जाई."

मी तो प्यायलो.