बाईंनी ओळीत परत घेतलं

सावंतबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला एका घरात पंखा बसवत होतो. वायरमन आहे मी. स्टुलावरून खाली उतरलो, हात पुसले आणि… खोटं कशाला सांगू, आधी रडू नाही आलं, तलफ आली. चार वर्षांत आली नव्हती एवढी. ज्या बाईंनी मला दारूतून ओढून बाहेर काढलं, त्या सकाळी चहा गाळता गाळता गेल्या आणि मला हवी होती क्वार्टर! लाज वाटली स्वतःची. बायकोला, मीनाला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "सरळ घरी ये हां. मध्ये कुठे थांबू नको." तिच्या आवाजात जी भीती होती तीच मलाही वाटत होती. बाई नाहीत, आता हा माणूस टिकतो का?

बाई आमच्या घाटकोपरच्या शाळेत पीटी शिकवायच्या. पाच फूटही उंची नसेल, पण आवाज असा की मागच्या गल्लीतली माणसंही सावधानमध्ये यावीत. त्या रिटायर झाल्या आणि इकडे मी दारूत बुडालो. एकदा भर सकाळी दारूच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, ते उघडायची वाट बघत. समोर चपला थांबल्या. "परब! पाठ सरळ!" मी एकोणचाळीस वर्षांचा बाप्या, ताडकन उभा राहिलो. रिक्षावाले हसले. बाई नाही हसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला दिसू नये म्हणून त्या माझ्या शर्टाची बटणं नीट लावत होत्या.

त्यांनी मला आधी डॉक्टरकडे नेलं, ग्राउंडवर नंतर. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं की दोन फेऱ्या मारल्या की दारू सुटते. बाई स्वतःच ओरडायच्या, "मी डॉक्टर नाही रे! हा व्यायाम गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांच्या जागी नाही." डॉक्टरांनी हो म्हटल्यावर रोज सकाळी सहा वाजता मैदानावर. आम्ही सात-आठ जण, बरेचसे त्यांचेच जुने विद्यार्थी. आधी नुसतं चालणं, मग फेऱ्या, सूर्यनमस्कार, बैठका. पहिल्या आठवड्यात मला दहा बैठका जमेनात. पण दोन महिन्यांनी रात्रीची झोप परत आली. भूक लागायला लागली. तलफ आली की बाईंचं एकच औषध, "पाय चालू ठेव. ती दमेल, तू दमू नको." कितीदा तरी मी घाटकोपरच्या त्या चढावर तलफेला दमवून घरी आलोय.

पण बाईंचंही एकदा चुकलं, आणि चुकलं तेही अगदी मास्तरणीसारखं. चौथ्या महिन्यात चुलतभावाच्या हळदीत मी घेतली. सकाळी तसाच ग्राउंडवर गेलो. बाईंना वास आला. त्यांचा चेहरा लाल झाला आणि चाळीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली, "परब, ओळीच्या बाहेर! उद्या येताना वडिलांना घेऊन ये!" दोघं-तिघं फिदीफिदी हसले. माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. गिरणी बंद पडल्यावर तेही पिऊनच गेले. मी तिथून जो निघालो तो तीन आठवडे शुद्धीवरच नव्हतो.

मग एका दुपारी दारावर थाप पडली. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद, सातवा मजला, आणि सत्तरीला टेकलेल्या बाई दारात धापा टाकत उभ्या. मीनाने पाणी दिलं. त्या दम घेत म्हणाल्या, "याच्या बापाला बोलावलं होतं ना मी. तो येऊ शकत नाही. म्हणून मी आलेय, पालक म्हणून." मीना रडायला लागली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. बाई माझ्याजवळ खाली बसल्या. "ग्राउंडवर पडलेल्या पोराला मी आयुष्यात कधी बाहेर काढलं नाही, परब. गुडघ्याला हळद लावून परत ओळीत उभं केलं. तुलाच कसं काढलं रे मी? चूक माझी आहे." एवढी माणसं मला आयुष्यात ओरडली, पण माझी माफी मागणारं कोणी भेटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो. त्यानंतर त्यांनी कोणालाच ओळीबाहेर काढलं नाही. पिऊन आलेल्याला त्या स्वतःच्या शेजारी घ्यायच्या आणि त्याच्या चालीने चालायच्या, बाकीच्यांना काय बोंबलायचंय ते बोंबलू दे. कशाला हो केलंत एवढं, असं विचारलं की चिडायच्या, "माझ्या वर्गातली पोरं आहात, दुसऱ्या कुणाची?" असा जीव लावणारं माणूस मी पुन्हा पाहणार नाही.

पेपरच्या या पुरवणीसाठी 'बाईंनी वाचवलेला माणूस' म्हणून माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी हो म्हणालो. आणि मग… बाईंच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी प्यायलो. चार वर्षांनी. झालं, वाट लागली, आता कुठल्या तोंडाने लिहू?  सकाळी मीनाने माझे बूट तेवढे दारात आणून ठेवले. मी गेलो. ग्राउंडवर वास सगळ्यांना आला. नाईक, आमच्यातला सगळ्यात जुना, सरकला आणि त्याने मला ओळीत जागा करून दिली. त्या दिवशी धावलो नाही, नुसता चाललो. तिथून तडक डॉक्टरांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं.

बाई, आज न पिता एकविसावा दिवस आहे. चार वर्षं मी तुमच्या धाकाने येत होतो. हे एकवीस दिवस माझा मी आलोय.