पेशंट अठरा वर्षांची, उत्तरं आईची

“रात्री किती युनिट घेतेस?” डॉक्टरांनी तमिळमध्ये भवानीला विचारलं.

“चौदा,” तिची आई रमाबाई म्हणाल्या.

“चक्कर येते?”

“नाही येत.” पुन्हा रमाबाईच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “अम्मा, पेशंट कोण?”

मी चेन्नईत एग्मोरच्या एका हॉस्पिटलात डायबेटिस एज्युकेटर आहे. मुलांच्या ओपीडीतून मोठ्यांच्या ओपीडीत जाणाऱ्या पोरांना तयार करणं हे माझं काम. त्याला आम्ही ट्रान्झिशन म्हणतो. मुलांचे डॉक्टर आईशी बोलतात, मोठ्यांचे पेशंटशी. तिथंच घोडं पेंड खातं.

भवानीला लहानपणापासून टाइप वन. शरीर इन्शुलिन बनवत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. चुकलं तर जिवावर बेततं. पुढच्या महिन्यात ती शहराबाहेर ओरगडमच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागणार होती, राहणार होस्टेलवर. आणि आजवर सुई टोचायच्या रमाबाई.

डॉक्टरांनी दोघींना माझ्याकडे पाठवलं.

“भिते हो ती,” रमाबाई त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या. “मीच टोचत आल्यें. नोकरी नको म्हणून तुम्हीच सांगा तिला.”

मी पुण्याची. गोड बोलणं मला जमत नाही. “रमाबाई, कॅन्टीनमध्ये कॉफी पिऊन या.”

जेवणाची वेळ होतीच. मी भवानीपुढे इन्शुलिनचं पेन ठेवलं. तिनं सुई बसवली, दोन युनिट हवेत सोडून पाहिले, पोटाची चिमूट धरली आणि टोचून मोकळी झाली.

“कुठं शिकलीस?”

“मैत्रिणींबरोबर बज्जी खाल्ली की जास्तीचं मीच घेते. अम्माला ठाऊक नाही. पूजा झाली की ती मला टोचते, मगच स्वतः जेवते. मी घ्यायला लागले तर ती काय करील?”

मला गलबलून आलं. रागही आला. एका अंगात दोघींचे डोस, आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही. साखर एकदम उतरली असती तर पोरगी बेशुद्ध पडली असती.

“हे आईला तूच सांगायचं. आत्ता.”

रमाबाई कॉफी पिऊन आल्यावर तिनं सांगितलं. रमाबाईंनी टेबलावरच्या पेनला टोपण लावलं. मग “सरी” एवढंच म्हणाल्या. सरी म्हणजे ठीक.

आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो. भवानीनं विचारलं, “नाईट शिफ्टला जेवण उशिरा मिळतं. मग डोस केव्हा घेऊ?”

डॉक्टर प्रथमच खुर्चीत पुढे सरकून बोलू लागले. रमाबाईंनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं, “पुढच्या वेळेला मी येऊं की नको?”

“या की. बाहेर बसा.”

भवानी आता ओरगडमहून परस्पर येते. रमाबाईही येतात, बाहेर बसतात. पोरांसाठी ट्रान्झिशन आहे. आयांसाठी अजून कुणी ओपीडी काढलेली नाही.