जिनानच्या झऱ्यावरची ओंजळ

नारायणगावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअर घेण्याआधी तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधणारा पाणाड्या दुकानात आला, तरी मी त्याला तोंडावर हसतो... तेव्हा हे वाचून ओळखीची माणसं आता मला हसणार, हे गृहीत धरूनच लिहितोय.

मूळ गाव बेल्ह्याजवळ. वडलांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, आता थोडा कांदा आणि आईच्या शेळ्या. धाकटा भाऊ दत्ता पुण्यात चिनी भाषा शिकला आणि जिनानला गेला – चीनमधल्या एका प्रांताची राजधानी. आपल्याकडचे द्राक्षवाले, टोमॅटोवाले तिकडून फवारणीची यंत्रं आणतात. त्यांच्यात आणि तिथल्या कारखानदारांत हा दुभाषा. सुट्टीवर आला की आईला सांगायचा, "तिथली नदी गावापेक्षा उंचावरनं वाहती, आये. गाळ साचून पात्रच वर आलंय. आन डोंगरात मुरलेलं पाणी गावात जमिनीतनं उकळ्या फुटल्यावानी वर येतं."

"मंग आमच्या पठारानं काय घोडं मारलं व्हतं?" आई म्हणायची.

गेल्या वर्षी दत्ता गेला. रोज सकाळी झऱ्यावर प्यायचं पाणी भरायला जायचा, तिथंच कोसळला. हार्ट अटॅक. बॉडी आणणं काही केल्या जमलं नाही. दहन तिकडेच झालं आणि अस्थी आणायला मी निघालो.

आईचं एकच चाललं होतं – "पोराच्या तोंडात कुणी पाणी घातलं न्हाई." जाणाऱ्याच्या मुखात घरच्या माणसानं पाणी घालावं, ही आपली रीत. एवढ्या पाण्याच्या गावात पोरगं कोरड्या तोंडानं गेलं, हे तिच्या मनातून जाईना. तांब्या ओठांपर्यंत न्यायची आणि तसाच खाली ठेवायची. शेवटी सलाईन लावायची वेळ आली. मी निघताना म्हणाली, "कुणी दिलं का, तेवढं इचारून ये."

खरं सांगतो, मला त्या गावाचा रागच आला होता. आणि गाव तर इतकं देखणं! जुन्या खंदकातून पर्यटकांच्या बोटी फिरतात, काठानं झाडं पाण्यावर वाकलेली. दक्षिणेला बुद्धमूर्तींचा डोंगर – आपल्या लेण्याद्रीला पायऱ्या चढून दम लागतो, तिथं वर जायला रोपवे. बाहेरचे लोक तिकीट काढून झरा बघतात, फोटो काढतात, चहा पिऊन जातात. त्यावर कितीतरी घरं चालत असणार. दत्ता पडला तो झरा मात्र फुकटचा. दगडी वाघांच्या तोंडातून पाणी पडतं आणि म्हातारी माणसं डबे घेऊन रांगेत उभी. आपल्याकडे मे महिन्यात टँकरपुढे असते तशीच रांग, फक्त भांडण नाही.

मीही रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर ओंजळ भरली आणि सवयीनं पहिली ओंजळ बाजूला जमिनीवर सांडली. मेंढरं घेऊन परक्या मुलखात फिरणाऱ्या आमच्या माणसांची ही जुनी खोड. परक्या पाण्यावर पहिली ओंजळ भुईला, मग आपल्याला. का, ते आम्हालाही माहीत नाही.

मागच्या म्हातारीनं माझं मनगट धरलं. पाणी वाया घालवलं म्हणून आता बोलणी बसणार, असं वाटलं. ती मोबाईलवर काहीतरी बोलली आणि मोबाईल हिंदीत बोलला, "उस औरत ने भी पहले ऐसे ही पानी गिराया था।"

"कौन औरत?" मी विचारलं.

मग तिनं थांबत थांबत सांगितलं. तो भारतातला मुलगा इथं पडला. कुणी अँब्युलन्स बोलावली, कुणी छाती दाबली. तेवढ्यात एक म्हातारी आली. डोक्यावरून पदर, लुगडं पायांतून मागं खोचलेलं, हातभर हिरवी नक्षी. तिनं वाघाच्या तोंडाखाली हात धरला, पहिलं पाणी सांडलं, दुसरं त्याला पाजलं, पदरानं तोंड पुसलं. "हमें लगा, माँ है। फिर दिखी नहीं।"

मी आईचा फोटो दाखवला. ती हो म्हणाली. फोटो दाखवल्यावर माणसं हो म्हणतातच, ते सोडून देऊ. पण सांडलेल्या ओंजळीचं तिला कुणी सांगितलं? दत्तानं स्वतः कधी सांडली असेल, त्यावरून तिचा घोळ झाला असेल... मी असं सगळं घोळवून पाहिलंय. पण आईच्या गोंदलेल्या हाताशी येऊन अडतो.

घरी आलो. आईला वाटेल, सुटले एकदाची, म्हणून सगळं सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं.

"कवाची गोष्ट ही?"

"तिकडची सकाळ. आपल्याकडं पहाट व्हती, आये."

"पहाटं तर मी झोपले व्हते रं." तिचा आवाज फाटला. "सपनातसुदीक आला न्हाई. माझ्या हातानं प्याला म्हंतोस, आन मला नुसता दिसला बी न्हाई?"

तिला दिलासा द्यायला गेलो आणि हे होऊन बसलं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर जरूर सांगा. आई आता पाणी पिते, त्या बाबतीत तक्रार नाही. पण दुपारी शेळ्या बांधून झाल्या की ओट्यावर बसून स्वतःचा तळहात बघत राहते. परवा मी शेजारी टेकलो, तर माझ्याकडे न बघताच विचारलं, "बाळू, पाजताना त्याचं तोंड गरम व्हतं का रं?"