तुटलेले हात

पेणजवळच्या जोहे गावात मीच अफवा उठवली, की त्याच्या रक्तबंबाळ सिनेमातले तुटलेले हात गणपतीच्या साच्यातून काढलेत. ते खोटं होतं. लोक बिथरले आणि मूर्तींच्या कारखान्याच्या मालकाने त्याला कामावरून काढलं.

तो तिथे मूर्तींचे डोळे रंगवायचा आणि उरल्या वेळात सिनेमे काढायचा. बोलतानाही समोरच्याच्या भुवयाच न्याहाळायचा. मी शाळामास्तर; माझ्या नाटकांना पेणमध्ये जांभया मिळाल्या. त्याच्या सिनेमातल्या कोकमाच्या रक्ताला रोह्यात किंकाळ्या आणि टाळ्या. मला ते सोसलं नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. म्हणाला, "बरे आलात, सर. पुढच्या पिक्चरला मास्तराचा हात पायजे. सुकेपर्यंत हलायचं नाय हां."

माझं मनगट साच्याच्या ओल्या प्लॅस्टरमध्ये होतं तेव्हा मी म्हणालो, "ती अफवा माझी. जळत होतो मी तुझ्यावर. हात सुटला की मालकाकडे जाऊन हेच सांगतो. माफ कर मला."