खुरातला खडा

भिकाजी साळवे वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचे आणि वाचता वाचता थुंकायचे. खरोखर थुंकायचे. म्हणून आमच्या शिपायाने त्यांच्यासाठी दाराशी वाळू भरलेला एक डबा ठेवला होता.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. नाशिकला मेनरोडवरच्या एका स्थानिक दैनिकाच्या कचेरीत मी छोट्या जाहिराती घ्यायला बसत असे. साळवेमामा तेव्हा साठीचे होते. तरुणपणी देवळालीला लष्कराच्या तबेल्यात ते नालबंदी शिकले आणि पुढे सगळा जन्म शहरातल्या टांग्याच्या घोड्यांना नाल मारण्यात घालवला. त्यांची बसायची जागा आमच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, रविवार कारंजाजवळच्या टांगा स्टँडवर होती. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी ते आमच्याकडे येत, फुकटचा पेपर घेत आणि ‘घोडे विकणे’ या मथळ्याखालच्या जाहिराती मला मोठ्याने वाचून दाखवत.

“ऐका ताई. ‘अत्यंत गरीब स्वभाव’. म्हंजे भांग पाजलीय. ‘मालकाची बदली झाल्याने विकणे’. म्हंजे मालकाच्या बरगडीत लाथ बसलीय. ‘वय वर्षे पाच’.” इथे डब्याकडे वळून एक थुंकी. “ह्या वामनशेठचं घोडं पाचाच्या पुढं जातच नाय. मरतंय तरी पाचाचंच!”

मी हसायची. मामा मात्र हसत नसत. म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने कसे घासतात, तापल्या सळईने त्यांवर तरण्या घोड्यासारखा काळा ठिपका कसा उठवतात, डोळ्यांवरच्या पांढऱ्या केसांना कलप कसा लावतात, हे सांगताना त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. “माणसाला फसवा, त्याला तोंड हाय, तो शिव्या तरी देईल. पण जनावराच्या तोंडात तापली सळई घालायची? आन वर पेपरात ‘उत्तम लक्षणी’ लिहायचं? किळस येते, ताई. माझ्या हाताला शेणाचा वास येतो, त्याची मला कधी किळस नाय आली.”

त्यांची किळस मला तेव्हा गमतीची वाटे, कारण वामनशेठच्या त्या जाहिराती पुष्कळदा मीच लिहीत होते. हे मामांना ठाऊक नव्हतं.

वामनशेठ म्हणजे परीटघडीचं धोतर, तोंडात विडा, आवाज कधी चढलेला नाही. येवल्याच्या घोडेबाजारात त्यांची जनावरं ओळीने बांधलेली असत. मला ते ‘ताईसाहेब’ म्हणत. चार मोडके शब्द कागदावर आणायचे आणि म्हणायचे, “तुम्ही जरा हात फिरवा. तुमच्या लेखणीला गोडी आहे.” मी मॅट्रिकला मराठीत पहिली आलेली. नोकरीत दिवसभर ‘खोली भाड्याने देणे’ आणि ‘कुत्रा हरवला आहे’ लिहून कंटाळलेली. लेखणीला गोडी आहे म्हणणारा तेवढा एकच माणूस मला भेटला होता.

त्या वर्षी पावसाळा संपताना त्यांनी एका तांबूस घोडीची जाहिरात आणली. “शाळेच्या टांग्याला घेईल कोणी, असं काहीतरी टाका,” म्हणाले. मी लिहिलं, ‘शांत, विश्वासू, लहान मुलांच्या टांग्यास निर्धास्त.’ ‘निर्धास्त’ हा शब्द सुचला म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. मामा त्या आठवड्यात लेकीकडे सायखेड्याला गेले होते, त्यामुळे ती जाहिरात वाचून थुंकणारं कोणी नव्हतं.

घोडी घेतली पंचवटीतल्या निवृत्तीभाऊंनी. शाळेच्या मुली ने-आण करायचा त्यांचा टांगा होता. दहा-बारा दिवस झाले असतील. संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाहेर एकदम गलका उठला, म्हणून मी धावले. रविवार कारंजाकडून पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर टांगा आडवा पडला होता. दप्तरं विखुरली होती. सहा मुली रडत होत्या आणि सातवी, चौथीतली, रडत नव्हती. ती पांढरीफटक पडली होती आणि तिचा हात कोपराशी नको तिकडे वळला होता. घोडी उतारावर गुडघ्यांवर कोसळली होती, तिचा पुढचा उजवा पाय मोडला होता. ती मान उचलायची आणि पुन्हा टाकायची.

मुलींना कोणीतरी दवाखान्यात नेलं. निवृत्तीभाऊ रस्त्यातच बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होते, “पेपरात छापून आलं होतं हो. निर्धास्त म्हणून छापलं होतं. म्हणून घेतली मी.”

मी गर्दीत मागे सरकले.

जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत साळवेमामा घोडीपाशी बसून होते. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला होता. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तिचा पुढचा डावा, धड असलेला पाय मांडीवर घेतला, नालाभोवती बोट फिरवलं, पकड काढली आणि नाल उपटला. नाल आणि तळवा यांच्या मध्ये पावट्याएवढा एक खडा दाबून बसवलेला होता. त्याखाली तळवा कुजला होता. पू आला. तो वास आजही कधी अवचित नाकात येतो आणि मी जेवणावरून उठते.

“उजवा पाय आधीच लंगडा व्हता,” मामा हळूच म्हणाले. “एका पायानं लंगडली तर गिऱ्हाईकाला कळतं. मग चांगल्या पायात खडा ठोकायचा. दोन्ही सारखे दुखले की चाल सरळ दिसते. वरून अफू. अफू उतरली, आन ही दोन्ही दुखऱ्या पायांनी ह्या उतारावर मुलींना ओढत व्हती.”

कोणीतरी वामनशेठला आईवरून शिवी दिली. मामा मात्र हातातल्या नालाकडे पाहत राहिले. खिळ्यांची टोकं कशी वळवली आहेत, हे बोटाने चाचपत राहिले.

“हा हात माझ्या घरचा हाय,” ते म्हणाले.

त्यांचा मुलगा सुधाकर दोन वर्षांपासून वामनशेठकडे नालबंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कचेरीत आले. पेपर उचलला नाही. म्हणाले, “लिहा. जाहिरात द्यायचीय.” मग सगळं सांगितलं. त्यांनी रात्री सुधाकरला विचारलं, तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, “शेठ बोलले, विकेपर्यंत ठेव, गिऱ्हाईकाचा नालबंद काढंल नंतर. सगळेच करतात, दादा. गिऱ्हाईकानं बघून घ्यावं.” मामा मला म्हणाले, “मी त्याला खिळा मारायला शिकवला. पहिला खिळा मारताना त्याची मूठ माझ्या मुठीत व्हती. लिहा, का घोडीच्या खुरातला खडा माझ्या मुलानं ठोकला, वामनशेठच्या सांगण्यावरून. आन खाली माझं नाव टाका.”

मी लेखणी उचलली आणि ती चालेना. माझ्या तोंडून निघून गेलं, “मामा, ‘निर्धास्त’ हे मी लिहिलं होतं.”

“तुम्ही?”

“हो.”

“घोडी पाहिली व्हती?”

“नाही.”

“मग?”

त्यांनी रागवायला हवं होतं. त्यांनी फक्त स्टूल अर्धा हात मागे घेतलं, एखाद्या वस्तूला वास येतो तेव्हा आपण सरकतो तसं. नंतर म्हणाले, “ते बी लिहा. त्यात ठेवा.” मी लिहिलं.

व्यवस्थापकांनी कागद वाचला आणि फाडला. वामनशेठची जाहिरात आमच्याकडे आठवड्याला दोनदा असे. “आपण जाहिराती छापतो, साक्षी देत नाही,” ते म्हणाले, आणि मला, “तुम्ही आपलं काम करा.” पोलिसांतही काही झालं नाही. ‘निर्धास्त’ हा काही कायद्याचा शब्द नव्हता.

मामा बाहेर पडले, मी मागे गेले. पायरीवर ते म्हणाले, “छापू नका म्हणावं. मला पुठ्ठा आन रंग द्या. अक्षर तुमचं चांगलं हाय.”

काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं, ‘खूर बघून देतो. फुकट.’ मी त्यात एक शब्दही घातला नाही.

बाजाराच्या दिवशी मी रजा काढली आणि आम्ही एसटीने येवल्याला गेलो. वामनशेठच्या ओळीसमोर रस्ता सोडून मामांनी पोतं अंथरलं, पुठ्ठा उभा केला आणि बसले. तासभर कोणी आलं नाही. सुधाकर ओळीच्या टोकाशी हातोडी घेऊन उभा होता. बापाकडे बघत नव्हता. वामनशेठ स्वतः आले, मामांपुढे उकिडवे बसले. “भिकाजी, पोराच्या पोटावर कशाला पाय देतोस?” मामांनी तोंडातलं सगळं त्यांच्या परीटघडीच्या धोतराशेजारी मातीत टाकलं. शेठ उठून गेले.

मग दिंडोरीकडचा एक शेतकरी आला. त्याने वामनशेठचा एक काळा घोडा पसंत केला होता. मामा उठले, घोड्याचे चारही पाय उचलून पाहिले. मला वाटलं, आता ते पेटतील. ते म्हणाले, “खूर निरोगी हाय. नाल चांगला बसवलाय. घ्या बिनघोर.” तो नाल सुधाकरने बसवला होता. त्याने मान वर करून पहिल्यांदा बापाकडे पाहिलं.

त्या एका खऱ्या शब्दामुळे लोक मामांपाशी जमले. दुसऱ्या घोड्याचा खूर उभा चिरला होता आणि चिरेत मेण व काजळ भरलेलं निघालं. मामांनी नखाने ते कोरून काढलं आणि बोट सगळ्यांपुढे धरलं. तिसऱ्या जनावराच्या खुरात खडा होता. तो निघाला तेव्हा घोड्याच्या अंगातून एक लाट गेली आणि त्याने पाय जमिनीवर अलगद टेकला. मी सुधाकरकडे पाहिलं, तो तिथे नव्हता.

मामा त्यानंतर वर्षभर दर बाजाराला जात राहिले. एकदा त्यांना मारहाण झाली, दोन दात गेले. पुढच्या बाजाराला पुन्हा गेले. वामनशेठने घोड्यांचा धंदा आवरला. कोणाला तुरुंग नाही, दंड नाही. त्या मुलीचं कोपर कायमचं वाकडं राहिलं. मामा माझ्याशी बोलत, पण ‘ताई’ ऐवजी ‘बाई’ म्हणू लागले आणि ते मी कधी बदलून मागितलं नाही. न पाहिलेल्या वस्तूला विशेषण लावायचं मी सोडलं. व्यवस्थापकांनी दोनदा समज दिली, मग जाहिरातींवरून काढून मला वर्गणीदारांच्या यादीवर बसवलं.

ऐंशीनंतर टांगे गेले, रिक्षा आल्या. साळवेमामा चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात वारले. दुसऱ्या दिवशी सुधाकर कचेरीत आला. आता तो कुठल्याशा कारखान्यात वेल्डर होता. जाहिरातींच्या खिडकीत नवा मुलगा बसत असे, पण तो थेट माझ्या टेबलाशी आला. निधनवार्ता द्यायची होती. मी नेहमीचा मजकूर लिहायला घेतला, ‘वृद्धापकाळाने दुःखद निधन’, आणि खाली ‘शोकाकुल’ लिहून त्याच्याकडे पाहिलं.

“ते खोडा,” तो म्हणाला. “पाच वर्षं मी त्यांच्या दारात गेलो नाय. भिकाजी साळवे, नालबंद, एवढंच ठेवा.”

मी खोडलं. दुसऱ्या दिवशी ती वार्ता शेवटच्या पानावर तळाशी आली, दोन ओळींची. शेजारच्या रकान्यात वामनशेठची जाहिरात होती; ते आता जुन्या गाड्या विकत. जुनी स्कूटर, एकहाती वापरलेली, डॉक्टरांच्या पत्नीची, उत्तम स्थितीत. मी ते पान दुमडून टेबलावर ठेवलं आणि बाहेर नळावर जाऊन बराच वेळ हात धुतले.