चट्टा माझ्या गालावर होता

मैत्रिणींनो, तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लग्न ठरलं तेव्हापासून माझ्या गालावर एक फिकट चट्टा दिसतोय. पावडर लावून झाकत होते. आज सकाळी थोरल्या भावानं, अण्णानं, हातमाग बंद ठेवला आणि शहापुरातून टांग्यानं मला बेळगावच्या कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. महारोग निघाला तर लग्न मोडणार, ही भीती दोघांच्याही मनात होती.

डॉक्टर म्हणाले, "डोळे मिट. कापूस लागला की बोटानं दाखव."

गालाला कापूस टेकला तो लगेच कळला, मी बोटानं दाखवलं.

"महारोग नाही. मलम लाव, पावडर बंद कर."

मी रडायलाच लागले. तेवढ्यात अण्णानं बाही वर सारली. "माझं बी जरा बघता काय? कंदिलाला कोपर भाजलं, पन कळलंच न्हाय."

तो डोळे मिटून बसला. डॉक्टरांनी कोपराजवळच्या तसल्याच फिकट चट्ट्याला कापूस लावला, मग टाचणी टोचली. अण्णा हलला नाही. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "सुरू करताय न्हवं?"

आता त्याला दर आठवड्याला महारोगावरच्या तेलाची इंजेक्शनं. लवकर आलात, असं डॉक्टर म्हणाले. वाटेत अण्णा एवढंच बोलला, "तुझं लगीन होईतोवर घरात सांगू नको गं."

वहिनी आत भाकरी थापतायत. त्यांचं तान्हं बाळ अण्णाच्या मांडीवर झोपलंय. मी गप्प बसू का? तुम्ही काय केलं असतं?